एमडीची पुडी बोलते, पण तिला विचारतो कोण?

बार्शीतल्या आमच्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर तरुणांची बैठक होते. विषय बहुतेक वेळा अभ्यासिका, शिष्यवृत्ती आणि भरतीचे असतात. मध्यंतरी एका बैठकीत मागे बसलेल्या एक मावशी उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्या पोराला धरलं. त्याला पुडी देणाऱ्यालाबी धरलं. पण ही पावडर जिथं बनती, तिथवर कुणी जातं का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. व्यसन वाईट आणि पाचवे शील पाळा, हे आपण सगळेच सांगतो आणि ते सांगायलाच हवे. पण मावशींचा प्रश्न शीलाचा नव्हता, तपासाचा होता. तो घेऊन आम्ही वाचायला बसलो. हाती आलेली गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असावी असे वाटले. बेकायदा कारखान्यात बनलेल्या पावडरीत तिच्या जन्माच्या खुणा राहून जातात. त्या प्रयोगशाळेत वाचता येतात. शास्त्रज्ञ याला अशुद्धींचे रासायनिक प्रोफाइलिंग म्हणतात.

आपल्या आजूबाजूला काय चालले आहे?

एमडी म्हणजे मेफेड्रोन. कुणी त्याला 'म्याव म्याव' म्हणते. हे अफू-गांजासारखे शेतात येत नाही, ते पूर्णपणे रसायनांपासून बनते. म्हणजे पुडीमागे कुठेतरी कारखाना, भांडी, कच्चा माल आणि रसायन जाणणारा माणूस असतोच.

आपला जिल्हा या नकाशाच्या बाहेर नाही. एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत एव्हॉन लाइफसायन्सेस या कंपनीच्या कारखान्यावर छापा घातला आणि अठरा टनांहून अधिक इफेड्रिन जप्त केले. इफेड्रिन हे सर्दी-दम्याच्या औषधातले रसायन आहे. ते औषधासाठी बनवणे कायदेशीर आहे, पण त्यापासून मेथॅम्फेटामाइन हे घातक नशेचे रसायनही बनते. म्हणून त्यावर सरकारी नियंत्रण असते. माल नशेच्या धंद्याकडे वळवला जात होता, असा पोलिसांचा आरोप होता.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने चिंचोळीतच एमडीच्या कारखान्यावर कारवाई केली आणि त्याच महिन्यात नाशिक पोलिसही तपास करत सोलापुरात पोहोचले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी शहरात पकडलेल्या थोड्या मालापासून माग काढत दौंड तालुक्यातली कुरकुंभ एमआयडीसी गाठली. पुणे, कुरकुंभ, सांगलीजवळचे कुपवाड आणि दिल्ली मिळून सतराशे किलोहून अधिक एमडी जप्त झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर तामलवाडीजवळ एमडीच्या पुड्या सापडल्या. तुळजापूरच्या त्या प्रकरणात पुढे आरोपींची यादी वाढतच गेली. त्याच वर्षी बार्शीतही पोलिसांनी एमडी पकडले.

या प्रकरणांत दोन टोके दिसतात. एका टोकाला टनांनी माल बनवणारा कारखाना आणि दुसऱ्या टोकाला दोन-पाच ग्रॅमच्या पुडीसह पकडलेला पोरगा. मधली साखळी जोडायची कशी? मोबाइलचे रेकॉर्ड, बँकेचे व्यवहार आणि खबरी हे पोलिसांचे नेहमीचे मार्ग आहेत. पण सिमकार्ड फेकून देता येते आणि साक्षीदार फिरतो. पुडीत काय आहे, ते मात्र बदलत नाही.

तूरडाळीचे उदाहरण

बार्शीकराला हे समजायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. आपल्या बाजारातला जुना आडत्या मूठभर तूरडाळ हातात घेतो, चोळतो आणि सांगतो, ही अमुक भागातली तूर आहे, अमुक पद्धतीने भरडली आहे. कशावरून? टरफल किती राहिले, कणी किती पडली, तेल किती लावले, खडा कोणत्या मातीचा आहे, यावरून. डाळ सगळीकडची डाळच. ती कुठून आली हे सांगतो तो डाळीतला डाळ नसलेला भाग.

त्याच डाळीत नंतर कुणी लाखीची डाळ मिसळली, तर ती खूण वेगळी. ती गिरणीबद्दल काही सांगत नाही, मधल्या व्यापाऱ्याबद्दल सांगते.

नशेच्या पावडरीचेही असेच आहे. शुद्ध मेफेड्रोन चिंचोळीचे असो, कुरकुंभचे असो की परदेशातले, त्याचा रेणू एकच. पण बेकायदा कारखान्यात माल औषध कंपनीसारखा शुद्ध करत बसायला ना वेळ असतो ना गरज. मुख्य रसायनाबरोबर थोडाथोडा कचरा राहून जातो आणि तपासाला हा कचराच उपयोगी पडतो.

पावडरीत कोणत्या खुणा असतात?

पहिली खूण कच्च्या मालाची. विकत घेतलेल्या रसायनात आधीच काही अशुद्धी असते आणि ती शेवटपर्यंत सोबत येते. मेफेड्रोनच्या रेणूवर एक छोटा गट विशिष्ट जागी बसलेला असतो. कच्च्या मालात तोच गट शेजारच्या जागी बसलेले काही रेणू मिसळलेले असतील, तर तयार मालातही तशी भावंडे सापडतात. त्यांचे प्रमाण कच्च्या मालाच्या पुरवठ्याकडे बोट दाखवते.

दुसरी खूण बनवण्याच्या पद्धतीची. एकच पदार्थ दोन-तीन वाटांनी बनवता येतो आणि प्रत्येक वाटेवर वेगळे उपपदार्थ तयार होतात. मेथॅम्फेटामाइनच्या बाबतीत यावर जगभर खूप काम झाले आहे. इफेड्रिनपासून बनलेल्या आणि दुसऱ्या रसायनापासून बनलेल्या मालात सापडणारे उपपदार्थ वेगळे असतात. शिवाय हा रेणू उजव्या-डाव्या हातासारखा दोन रूपांत असतो. इफेड्रिनच्या वाटेने साधारणपणे एकच रूप बनते, दुसऱ्या वाटेने दोन्ही रूपे सारखी मिसळून येतात. मग अहवालातून समजते की कारवाई इफेड्रिनच्या चोरवाटेवर करायची की दुसऱ्या रसायनाच्या विक्रीवर.

तिसरी खूण सफाईची. शेवटी माल धुण्यासाठी किंवा स्फटिक पाडण्यासाठी वापरलेल्या द्रावकाचा अंश पावडरीत अडकून राहतो. भांडी आणि रसायने यांतून आलेल्या धातूंचे कणही सापडतात.

चौथी खूण भेसळीची. वजन वाढवण्यासाठी ग्लुकोज, कॅफिन, पॅरासिटामॉल असे काहीही मिसळले जाते. ही भेसळ कारखान्याबद्दल कमी आणि मधल्या दलालाबद्दल जास्त सांगते. दोन गावांतल्या पुड्यांत मूळ माल एक पण भेसळ वेगळी निघाली, तर कारखाना एक आणि दलाल दोन असण्याची शक्यता तपासता येते.

याशिवाय प्लास्टिकच्या पिशवीची जाडी, चिकटपट्टीचा तुकडा आणि गोळीवरचा साच्याचा ठसा या रसायनाबाहेरच्या खुणा आहेत. त्याही जुळवल्या जातात.

प्रयोगशाळेत काय करतात?

मुख्य यंत्राचे नाव गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री. नाव मोठे असले तरी काम समजण्यासारखे आहे. नमुना द्रावकात विरघळवतात. बऱ्याचदा आधी मुख्य रसायन बाजूला काढतात, म्हणजे बारीक अशुद्धी उठून दिसतात. मग तो उष्णतेने वायुरूप करून केसासारख्या बारीक, साधारण तीस मीटर लांबीच्या गुंडाळलेल्या नळीतून सोडतात. प्रत्येक घटक वेगवेगळ्या वेगाने पुढे सरकतो आणि वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतो. बाहेर पडलेल्या घटकाचे तुकडे करून यंत्र त्या तुकड्यांचे वस्तुमान मोजते आणि त्यावरून तो कोण आहे हे ओळखता येते.

कागदावर उंच-ठेंगण्या शिखरांची रांग उमटते. मधले मोठे शिखर मेफेड्रोनचे आणि आजूबाजूची छोटी शिखरे अशुद्धींची. बार्शीतल्या पुडीची रांग आणि एखाद्या कारखान्यात सापडलेल्या मालाची रांग गणिताने ताडून पाहतात. कोणती शिखरे आहेत आणि त्यांचे एकमेकांशी प्रमाण काय आहे, हे पाहून दोन्ही माल किती सारखे आहेत त्याचा आकडा निघतो.

आणखी बारकाईने जायचे असेल तर समस्थानिकांचे प्रमाण मोजतात. कार्बन आणि नायट्रोजनचे हलके-जड अणू निसर्गात ठरावीक प्रमाणात असतात, पण वनस्पतीतून काढलेल्या, आंबवण्याच्या प्रक्रियेतून बनवलेल्या आणि पूर्णपणे कृत्रिम इफेड्रिनमध्ये हे प्रमाण थोडे वेगवेगळे निघते. जपानमधील शास्त्रज्ञांनी पकडलेल्या मेथॅम्फेटामाइनवरून ते कोणत्या प्रकारच्या इफेड्रिनपासून बनले हे याच पद्धतीने शोधले. भारत हा इफेड्रिन बनवणाऱ्या मोठ्या देशांपैकी एक आहे. आपल्या जिल्ह्यात टनांनी इफेड्रिन पकडले गेले होते, हे लक्षात घेतले तर हा अभ्यास आपल्या किती जवळचा आहे ते कळते.

हे शास्त्र नवेही नाही. अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेने १९७७ पासून हेरॉइनच्या नमुन्यांवरून ते जगाच्या कोणत्या भागातले आहे हे ठरवण्याचा कार्यक्रम चालवला. युरोपातल्या प्रयोगशाळांनी एकत्र येऊन तपासणीची समान पद्धत ठरवली, म्हणजे एका देशातला नमुना दुसऱ्या देशातल्या नमुन्याशी ताडता येईल. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने २००१ मध्ये यावर मार्गदर्शक पुस्तिका काढली.

याला मर्यादाही आहेत

मालिकांमध्ये यंत्रात पुडी टाकली की गुन्हेगाराचा फोटो येतो. प्रत्यक्षात तसे होत नाही. एकाच कारखान्यातला सोमवारचा आणि शुक्रवारचा माल वेगळा निघू शकतो, कारण तापमान, वेळ आणि कच्चा माल बदलतो. उलट एकच कारागीर दोन गावांत एकाच पद्धतीने काम करत असेल, तर दोन्हीकडचा माल सारखा दिसू शकतो. दोन घाणे मिसळले की रांग गोंधळते. माल उन्हात, दमट हवेत पडून राहिला की तो विघटित होतो आणि नवे घटक तयार होतात.

म्हणून चांगला तज्ज्ञ "हा माल त्याच कारखान्यातला आहे" असे ठामपणे म्हणत नाही. "हे दोन नमुने एकाच घाण्यातले असण्याला मोठा आधार आहे" किंवा "तसा आधार नाही" असे तो सांगतो. हा आधार इतर पुराव्याच्या जोडीला घ्यायचा असतो. दुसरी अट अशी की ताडून पाहायला आधीच्या नमुन्यांचा साठा लागतो. ठाणे, नाशिक, पुणे, सोलापूर अशा ठिकाणी पकडलेल्या मालाची माहिती एका जागी नसेल, तर सर्वात महागडे यंत्रही मुके राहते.

अशुद्धी माणसालाही मारते

अशुद्धी तपासण्याचे दुसरे कारण आरोग्याचे आहे. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण नशेखोर अचानक पुतळ्यासारखे थिजले. हालचाल बंद, बोलणे बंद. विल्यम लँग्स्टन या मेंदुविकारतज्ज्ञांनी शोध घेतला, तेव्हा त्यांनी घेतलेल्या बनावट हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाची अशुद्धी सापडली. रसायन बनवताना झालेल्या चुकीतून ती तयार झाली होती. तिने मेंदूचा तोच भाग नष्ट केला, जो पार्किन्सनच्या आजारात जातो. पूर्व युरोपात एमडीच्याच जातकुळीतले एक रसायन घरगुती पद्धतीने बनवून टोचून घेणाऱ्यांच्या शरीरात मँगनीज साचले आणि त्यांना चालणे-बोलणे अवघड झाले.

लांब कशाला, जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. कारण होते मिथेनॉल. गेले ते कोण होते? हातावर पोट असणारे, वस्तीत राहणारे. पिणाऱ्याला आत काय आहे हे कधीच माहीत नसते. प्रयोगशाळेने वेळीच अशुद्धी ओळखली आणि ती माहिती सरकारी दवाखान्यापर्यंत पोहोचली, तर डॉक्टरला उपचाराची दिशा मिळते.

कायदा भेसळीचे वजन करतो, ती वाचत नाही

मावशींच्या प्रश्नाचे खरे उत्तर इथे आहे.

मेफेड्रोन २०१५ मध्ये एनडीपीएस कायद्याखाली आले. दोन ग्रॅमपर्यंत 'अल्प प्रमाण' आणि पन्नास ग्रॅमच्या वर 'व्यावसायिक प्रमाण' मानले जाते. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत शिक्षा किंवा दंड किंवा दोन्ही. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत. व्यावसायिक प्रमाणाला किमान दहा आणि कमाल वीस वर्षे, आणि त्यात जामीन मिळणे अतिशय कठीण.

हे वजन कशाचे? शुद्ध रसायनाचे की भेसळीसह? २००८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध अंश मोजायला सांगितले होते. एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल बदलला आणि भेसळीसह संपूर्ण मिश्रणाचे वजन धरायचे ठरवले. म्हणजे साठ ग्रॅम पावडरीत एमडी दहाच ग्रॅम आणि पन्नास ग्रॅम ग्लुकोज असेल, तरी प्रकरण व्यावसायिक प्रमाणाचे. न्यायालयाची भूमिका अशी की नशा बाजारात मिश्रण म्हणूनच विकली जाते आणि तेच घातक असते. त्यामागचा विचार समजतो. पण परिणाम काय झाला? शिक्षेसाठी एवढेच सिद्ध करावे लागते की पावडरीत एमडी आहे आणि एकूण वजन इतके आहे. आत आणखी काय आहे, हे विचारण्याची गरजच उरत नाही.

ज्या भेसळीमुळे पोराची शिक्षा एक वर्षावरून दहा वर्षांवर जाऊ शकते, तीच भेसळ त्याच्या वर बसलेल्या दलालाचा आणि कारखानदाराचा पत्ता सांगू शकते. तिचे वजन घेतले जाते, तिची साक्ष घेतली जात नाही. आमची तक्रार ही आहे. गुन्हा केलेल्याला सोडा, असे आमचे म्हणणे नाही. साखळीतला शेवटचा माणूस सहज सापडतो, म्हणून तपास तिथेच थांबू नये, हे आमचे म्हणणे आहे.

आणखी एक कारण. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा ठरत नाही. एनडीपीएसच्या कलम ६७ खालील कबुलीवरही शिक्षा देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तोफान सिंग प्रकरणात स्पष्ट केले. "त्याने सांगितले म्हणून कारखानदाराला धरले" एवढ्यावर खटला उभा राहत नाही. अशा वेळी दोन नमुने जुळल्याचा शास्त्रीय अहवाल तपास अधिकाऱ्यालाच बळ देतो. आणि निरपराध माणसाला खोट्या साखळीत ओवले असेल, तर नमुने न जुळणे हा त्याचा बचाव ठरू शकतो.

आपण काय करू शकतो?

पहिले, प्रश्न विचारायला शिकू. माहितीच्या अधिकारात चालू तपासाचा तपशील मिळणार नाही, पण एकत्रित आकडे मागता येतात. जिल्ह्यात वर्षभरात एमडीचे किती गुन्हे नोंदले? त्यांत अल्प, मधले आणि व्यावसायिक प्रमाणाचे किती? किती प्रकरणांत तपास उत्पादकापर्यंत गेला? न्यायसहायक प्रयोगशाळेला नमुन्यांची तुलना करायची विनंती किती वेळा केली? अर्ज पोलिस अधीक्षक कार्यालय आणि प्रयोगशाळा संचालनालय अशा दोन्ही ठिकाणी करावा.

दुसरे, नमुन्याची कायदेशीर वाट माहीत करून घेऊ. कलम ५२अ प्रमाणे जप्त मालाची यादी आणि नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर प्रमाणित व्हावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मोहनलाल प्रकरणात यावर भर दिला आणि २०२२ च्या नियमांत पद्धत ठरवून दिली आहे. नमुना दोन प्रतींत घ्यायचा, सील करायचा आणि वेळेत प्रयोगशाळेत पाठवायचा. सील तुटलेला किंवा वजनात फरक पडलेला नमुना कुणाचाच न्याय करू शकत नाही, ना समाजाचा ना आरोपीचा.

तिसरे, पकडलेल्या मुलाच्या घरच्यांना एकटे सोडू नका. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. कोठडीत असलेल्या कोणालाही हा हक्क आहे. बार्शी न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा.

चौथे, व्यसनी मुलाला गुन्हेगार म्हणून हाकलू नका. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, मामला सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा असेल, तर कलम ६४अ खाली खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. ही गोष्ट आपल्या वस्त्यांत फारच थोड्यांना ठाऊक आहे. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची हेल्पलाइन १४४४६ आहे. विक्रीची किंवा साठ्याची माहिती नाव गुप्त ठेवून १९३३ वर देता येते.

पाचवे, रसायनशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींना हे क्षेत्र दाखवू. बार्शी-सोलापुरात बीएस्सी, एमएस्सी करणारे आपले कितीतरी विद्यार्थी आहेत. रसायनशास्त्र म्हटले की त्यांना औषध कंपनीतली नोकरी किंवा शिक्षकी पेशा आठवतो. न्यायसहायक प्रयोगशाळेतला विश्लेषक हीसुद्धा सरकारी नोकरी आहे, आणि तिथे बसलेल्या माणसाच्या एका अहवालावर कुणाचे तरी वीस वर्षांचे आयुष्य ठरते. तिथे आपली माणसे असायला हवीत.

पाचवे शील आपण रोज घेतो. स्वतः नशा न करणे हा त्याचा पहिला अर्थ. पण आपल्या वस्तीत नशा कोण आणतो, कोण बनवतो आणि तपास कुठे थांबतो, हे न विचारता गप्प बसणे हाही एक प्रकारचा प्रमादच आहे.

पुढच्या रविवारच्या बैठकीत माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा घेऊन बसणार आहोत. मावशींना पहिल्या रांगेत बसायला सांगितले आहे. प्रश्न त्यांचा आहे, अर्जावर पहिली सहीही त्यांचीच असेल.

जयभीम, नमो बुद्धाय.